गाडी पुसायची फवारा बाटली : घेण्याआधी काय पाहायचं?



या अंकातला पाठ एका छोट्या वस्तूबद्दल आहे. हाताने दाबायची फवारा बाटली, म्हणजेच आपली स्प्रे बाटली. "बाटलीत काय शिकायचं?" असं कोणी म्हणेल. पण आपल्या गटांमध्ये फिनाईल, भांड्यांचा साबण, काच पुसायचं द्रव, गाडी धुवायचा शाम्पू असं काहीतरी बनवणाऱ्या ताई आता बऱ्याच आहेत. काही ठिकाणी घरचा मुलगा किंवा मालक गाडी धुवायचं काम करतो आणि सामान आणून देणं, मिसळणं, भरणं हे घरच्या बाईकडे असतं. द्रव चांगलं असलं आणि बाटली फुटकी निघाली, तर गिऱ्हाईक बाटलीला नाही, आपल्या मालाला नाव ठेवतं. आणि भलतं द्रव भलत्या बाटलीत भरलं, तर नुकसान पैशापुरतं राहत नाही. घरात लहान लेकरं आहेत, आपले हात-डोळे आहेत.

करडीसारख्या गावात आता दारोदारी दुचाकी आहे. ट्रॅक्टर, ऑटो, मालवाहू गाड्या आहेत. धानाच्या रोवणीत बांधीतला चिखल ट्रॅक्टरच्या चाकाला बसतो, तो वाळला की निघता निघत नाही. उन्हाळ्यात धूळ, लग्नसराईत हार-फुलांचे आणि चिकटपट्टीचे डाग. आणि दसऱ्याला तर प्रत्येक घरची गाडी धुऊन, पुसून, हार घालून पूजेला उभी राहते. म्हणजे या मालाला गावातच मागणी आहे. म्हणून दसऱ्याच्या आधीच बाटलीची निवड नीट समजून घेऊ.

१. फवारा बाटली चालते कशी?

लग्नात पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडायची गुलाबदाणी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तिच्यात पंप नसतो. हाताने झटकलं की पाणी भोकांतून बाहेर पडतं. फवारा बाटलीच्या डोक्यात मात्र एक छोटा पंप असतो. हापशीसारखाच समजा.

खटका दाबला की आतला दट्ट्या पुढे जातो आणि तिथे भरलेलं द्रव तोटीतून बाहेर ढकलतो. खटका सोडला की स्प्रिंग दट्ट्याला मागे आणते, आत पोकळी होते आणि खालच्या नळीतून नवीन द्रव वर चढतं. वर चढलेलं द्रव परत खाली जाऊ नये म्हणून मध्ये एक बारीक गोळी किंवा पडदा असतो. त्याला झडप म्हणतात. बाहेर गेलेल्या द्रवाच्या जागी बाटलीत हवा शिरावी म्हणून एक बारीक छिद्रही असतं.

हे कळलं की बिघाडही कळतो :

• पहिल्यांदा चार-पाच वेळा दाबूनही काही येत नाही : नळीत अजून हवा आहे. आणखी चार-सहा वेळा दाबा.
• दर वेळी नव्याने बरंच दाबावं लागतं : झडप नीट बसत नाही, द्रव खाली उतरून जातं.
• खटका दाबला तो दाबलेलाच राहिला : स्प्रिंग गंजली किंवा दट्ट्याचं रबर फुगलं.
• बाटली आत चेपत जाते : हवेचं छिद्र बुजलं आहे.
• फवारा वाकडा येतो, थेंब पडतात : तोटीत गाळ किंवा क्षार अडकला आहे.

२. बाटलीचं प्लास्टिक : बुडाखालचा आकडा वाचा

प्लास्टिकच्या बाटलीच्या बुडाला बाणांचा त्रिकोण असतो आणि त्यात १ ते ७ पैकी एक आकडा असतो. तो आकडा प्लास्टिकची जात सांगतो. आपल्या कामापुरत्या तीन जाती ओळखा.

आकडा १, पीईटी : पारदर्शक, चकचकीत, पाण्याच्या बाटलीसारखी. साबणाचं सौम्य पाणी, काच पुसायचं साधं द्रव यासाठी चालते. पण कडक क्षाराला ती टिकत नाही. कॉस्टिक सोडा असलेलं, ग्रीस काढायचं जहाल द्रव तिच्यात ठेवू नये. हळूहळू तिला तडे जातात.

आकडा २, एचडीपीई : दुधट रंगाची, थोडी जाड, हाताला मेणचट लागणारी. फिनाईल, ब्लीच यांचे डबे बहुतेक याच प्लास्टिकचे असतात. आम्ल, क्षार, ब्लीच, स्पिरिट या सगळ्यांना ही चांगली टिकते. गाडीच्या कामासाठी बाटली एकच घ्यायची असेल, तर हीच घ्या.

आकडा ५, पीपी : कडक, झाकणं आणि फवाऱ्याचे भाग बहुधा याचे असतात. हीसुद्धा बऱ्याच रसायनांना टिकते.

पेट्रोल, रॉकेल, थिनर, संत्र्याच्या सालीच्या तेलाची द्रवं मात्र प्लास्टिकला आणि रबराला फुगवतात. ती या बाटल्यांत भरूच नयेत. पेट्रोल आणि थिनर फवारणं म्हणजे आगीला निमंत्रण आहे. गरम इंजिनवर तर अजिबात नाही.

रंगाचंही पाहा. ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराईट, उजेडात आणि उष्णतेत आपली ताकद गमावतं आणि त्यातून वायू सुटतो. म्हणून ते अपारदर्शक बाटलीत, सावलीत ठेवायचं. आपल्या भंडारा जिल्ह्यात मे महिन्यात टिनाच्या खोलीत काय गरमी असते ते सांगायला नको. तशा खोलीत घट्ट बंद केलेली ब्लीचची बाटली फुगू शकते.

३. तोटी : कोणत्या कामाला कोणता फवारा?

बहुतेक बाटल्यांच्या तोंडाशी फिरवायची तोटी असते. फिरवली की बंद, धार, फवारा असे प्रकार मिळतात. काहींना पुढे बारीक जाळी असते. त्या जाळीत हवा मिसळून फेस येतो. प्रत्येक कामाला वेगळा फवारा लागतो :

• काच आणि आरसे : बारीक तुषार. थेंब मोठे असले तर ओघळ पडतात आणि द्रव वाया जातं.
• गाडीची बॉडी : मध्यम, पसरट फवारा किंवा फेस. फेस उभ्या पत्र्यावर टिकून राहतो, चिखल भिजायला वेळ मिळतो.
• चाकं, मडगार्ड, ट्रॅक्टरचा खालचा भाग : फेस किंवा जाड थेंबांचा फवारा. इथे बारीक तुषार वाऱ्यावर उडून जातात.
• आतला डॅशबोर्ड, सीट : फवारा कापडावर मारायचा, गाडीवर नाही. द्रव बटणांच्या आणि मीटरच्या फटीत गेलं तर दुरुस्तीचा खर्च आपल्या गळ्यात पडतो.

आणखी एक गोष्ट. फार बारीक तुषार हवेत तरंगतात आणि श्वासाबरोबर आत जातात. म्हणून जहाल द्रवासाठी बारीक तुषाराची तोटी वापरू नये. फेसाची किंवा जाड थेंबांचीच घ्यावी.

४. आतले भाग : दिसत नाहीत, पण तेच आधी बिघडतात

बाटली वर्षभर टिकते, फवाऱ्याचं डोकं महिन्यात जातं, असं का होतं? कारण द्रवाचा रोजचा संबंध आतल्या स्प्रिंगशी, गोळीशी आणि रबराच्या चकतीशी येतो. साध्या लोखंडाची स्प्रिंग आम्लाने आणि ब्लीचने गंजते. साधं रबर तेलकट द्रवाने फुगतं.

दुकानात विचारा : "रसायनाला चालणारं डोकं आहे का? स्प्रिंग स्टीलची आहे का?" काही फवाऱ्यांत स्प्रिंग अशा जागी बसवलेली असते की तिला द्रव लागतच नाही. तसा मिळाला तर उत्तम.

नळीही पाहा. ती बुडापर्यंत पोचली पाहिजे आणि तिचं टोक तिरपं कापलेलं असावं. आखूड नळी असली तर तळाशी द्रव शिल्लक राहतं आणि ते वाया जातं. खाली चाकावर फवारताना बाटली पुढे झुकते, म्हणून नळीचं टोक तोटीच्या बाजूला वळलेलं असलं तर शेवटपर्यंत द्रव येतं.

डोकं बदलता येतं का, हेही बघा. अर्धा लिटर आणि एक लिटरच्या बऱ्याच बाटल्यांचं तोंड २८ मिलिमीटरचं असतं. त्यातही २८/४०० आणि २८/४१० असे दोन आटे असतात. पहिल्याला साधारण एक फेरा असतो, दुसऱ्याला दीड. एकाचं डोकं दुसऱ्याच्या बाटलीवर बसल्यासारखं वाटतं, पण गळतं. गटाने ठोक घेताना सगळ्या बाटल्या एकाच आट्याच्या घ्याव्या. म्हणजे एक डोकं बिघडलं तर दुसरं लावता येतं, बाटली फेकावी लागत नाही.

५. किती मोठी घ्यायची?

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. ते एका हाताने उचलून दिवसभर खटका दाबायचा आहे. साध्या बाटलीत एका दाबाला साधारण एक मिलिलिटरच्या आसपास द्रव येतं, म्हणजे अर्धा लिटर संपवायला पाचशेच्या आसपास वेळा दाबायचं. बोटं आणि मनगट दुखणारच. रोवणी, निंदणी आणि वर हे काम, म्हणून हाताचा विचार आधी करा.

• घरच्या आणि काच-आरशाच्या कामाला अर्धा लिटर पुरे.
• बॉडी आणि चाकांसाठी रोज पाच-सात गाड्या असतील तर एक-दोन लिटरचा हाताने हवा भरायचा पंप बरा. वरचा दांडा दहा-पंधरा वेळा मारून हवा भरायची, मग नुसतं बटण दाबलं की फवारा सुरू राहतो.

हवेचा पंप घेताना त्याला जादा दाब सोडणारी झडप आहे का ते पाहा. पंप तोंडापर्यंत भरू नका, वरची एक तृतीयांश जागा हवेसाठी मोकळी ठेवा. झाकण उघडण्याआधी झडप ओढून हवा सोडा. दाब भरलेला पंप उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका.

६. दुकानात उभं राहून करायच्या सहा तपासण्या

तुमसर असो, भंडारा असो की गावचा बाजार, दुकानदाराला फक्त पाणी मागा आणि हे करून पाहा :

१) बाटलीत पाणी भरा, डोकं घट्ट लावा, तोटी बंद करा आणि बाटली आडवी धरा. आट्यातून थेंब येतो का?
२) पन्नास वेळा दाबा. खटका दर वेळी पूर्ण परततो का? बोट चिमटतं का?
३) रद्दी कागदावर एका हातावरून फवारा. गोल, सारखा डाग पडला पाहिजे. मध्ये मोठे थेंब नकोत.
४) तोटी बंद-चालू दहा वेळा फिरवा. हातात निघून येते का?
५) बुडाचा आकडा वाचा. आकडाच नसेल तर त्यात जहाल द्रव भरायचं नाही.
६) बाटलीवर मापाच्या रेघा आहेत का? नसतील तर घरी मापाच्या कपाने पाणी ओतून बाहेरून पक्क्या पेनाने रेघा आखता येतात.

ठोक खरेदीआधी दोनच बाटल्या आणा. ज्या द्रवासाठी हव्या तेच द्रव भरून आठ दिवस सावलीत, लेकरांच्या हाताबाहेर ठेवा. रोज वीस वेळा फवारा. आठ दिवसांत बाटली मऊ पडली, फुगली, रंग बदलला किंवा खटका अडकला, तर ती खरेदी रद्द. दोन बाटल्यांचे पैसे गेले, पण गटाचे शंभर बाटल्यांचे वाचले.

७. प्रमाण : "एकाला दहा" म्हणजे नेमकं किती?

डब्यावर १:१० लिहिलेलं असतं. याचा अर्थ एक भाग औषध आणि दहा भाग पाणी, म्हणजे एकूण अकरा भाग. अर्धा लिटरच्या बाटलीसाठी ५०० ला ११ ने भागा. सुमारे ४५ मिलिलिटर औषध आणि ४५५ मिलिलिटर पाणी.

१:४ असेल तर एकूण पाच भाग, म्हणजे १०० मिलिलिटर औषध आणि ४०० मिलिलिटर पाणी.

"जास्त टाकलं तर जास्त साफ होईल" असं नसतं. साबण जास्त झाला की तो पत्र्यावरून निघत नाही, पांढरे डाग राहतात आणि धुवायला पाणी दुप्पट लागतं. आधी पाणी, मग औषध असं भरा. उलटं केलं तर सगळा फेस होतो, आणि जहाल द्रव असेल तर अंगावर उडतं.

पाणी कोणतं? बोअरचं पाणी जड असतं. त्यातले क्षार तोटीत बसतात आणि काचेवर पांढरे ठिपके पडतात. काचेच्या द्रवासाठी फिल्टरचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी बरं. घरी बनवलेलं कोणतंही द्रव बाटलीत भरण्याआधी दुहेरी सुती कापडातून गाळून घ्या. तोटी बुजलीच तर कोमट पाण्यात थोडा लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घालून ती त्यात भिजत ठेवा. पण त्या तोटीतून ब्लीच गेलेलं असेल तर आधी साध्या पाण्याने खूप धुवा. कारण पुढे वाचा.

८. जिवाची गोष्ट : हे कधीच करायचं नाही

हा भाग बैठकीत मोठ्याने वाचावा.

ब्लीच आणि आम्ल एकत्र करू नका. संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये किंवा व्हिनेगर-लिंबात ब्लीच मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो. तो फुफ्फुसाला जाळतो. ब्लीच आणि अमोनिया असलेलं काच क्लीनर एकत्र झालं तरी विषारी वायू होतो. म्हणून एका बाटलीत एकच द्रव, शेवटपर्यंत तेच. रिकामी झाली म्हणून दुसरं भरायचं नाही.

पाण्याच्या आणि थंड पेयाच्या बाटलीत औषध भरू नका. निळं-हिरवं द्रव लेकरांना सरबत वाटतं. तहानलेला माणूस शेतातून येतो आणि न बघता तोंडाला लावतो. यात गरीब-शहाणा असा फरक नाही, कोणाच्याही घरी होऊ शकतं.

कीटकनाशकाचा पंप गाडीसाठी वापरू नका. धानावर फवारलेल्या औषधाचा अंश पंपाच्या नळीत, वॉशरमध्ये राहतो. धुऊनही तो पूर्ण जाईल याची खात्री नाही. तो अंश सीटवर, स्टिअरिंगवर, आपल्या हातावर येतो. तसंच गाडी धुवायचा पंप शेतात नेऊ नका.

ॲसिडने चाकं धुऊ नका. संडासचं ॲसिड चाकाच्या धातूला खातं, चमक कायमची जाते. चाक साफ करायच्या काही तयार द्रवांतही जहाल आम्लं असतात. लेबल वाचता येत नसेल, आत काय आहे ते दुकानदार सांगू शकत नसेल, तर ते द्रव घेऊच नका.

फवारताना हातमोजे घाला, डोळ्यांना चष्मा लावा, तोंडाला रुमाल बांधा आणि वाऱ्याकडे पाठ करून उभ्या राहा. पदर खोचून घ्या.

डोळ्यात उडालं तर लगेच स्वच्छ वाहत्या पाण्याने १५ ते २० मिनिटं धुवा, चोळू नका. अंगावर सांडलं तर ओले कपडे काढून पाण्याने धुवा. कोणी प्यालं तर जबरदस्तीने उलटी करवू नका, मीठपाणी पाजू नका. जाळणारं द्रव वर येताना घसा दुसऱ्यांदा जाळतं. १०८ ला फोन करा आणि बाटली लेबलासह दवाखान्यात सोबत न्या. डॉक्टरला काय प्यालं ते कळलं तर उपचार लवकर होतो.

९. गाडीवर वापरायची रीत

• गाडी सावलीत उभी करा, बॉनेट थंड होऊ द्या. तापलेल्या पत्र्यावर द्रव लगेच वाळतं आणि डाग पडतात.
• आधी नुसत्या पाण्याने धूळ-माती उतरवा. माती असतानाच फडकं घासलं तर रेतीचे कण रंगावर ओरखडे काढतात.
• वरून खाली या. छत, काचा, दारं, शेवटी चाकं. चाकाचं फडकं बॉडीला लावायचं नाही.
• फेस मारून दोन-तीन मिनिटं भिजू द्या, वाळू देऊ नका. मग पुसा आणि धुवा.
• कपड्याच्या साबणाची पावडर वापरू नका. ती क्षारयुक्त असते, रंगावरचं मेण आणि चमक उतरवते.
• हेल्मेटची काच आणि दुचाकीचं पारदर्शक प्लास्टिक सौम्य साबणाच्या पाण्यानेच पुसा. स्पिरिट किंवा अमोनियाच्या द्रवाने त्याला बारीक तडे जाऊ शकतात.

१०. गटाचा हिशोब : स्वस्त कोणती?

उदाहरणासाठी आकडे घेऊ. तुमच्या बाजारातले भाव टाकून हाच हिशोब बैठकीत करा.

समजा, साधी बाटली ३० रुपयांना मिळते आणि रोजच्या कामात एक महिना टिकते. चांगली ७० रुपयांना मिळते आणि आठ महिने टिकते. कामाला सहा बाटल्या लागतात.

साधी : ६ बाटल्या × १२ महिने × ३० रुपये = वर्षाला २,१६० रुपये.
चांगली : वर्षात ९ बाटल्या × ७० रुपये = ६३० रुपये.

फरक १,५३० रुपयांचा. घेताना ३० रुपये स्वस्त वाटतात, वर्षाअखेर महाग पडतात.

आता द्रवाचा हिशोब. एका गाडीच्या काचांना २५ दाब लागतात असं धरा. एका बाटलीतून दाबाला ०.८ मिलिलिटर येतं, दुसरीतून १.४ मिलिलिटर. पहिलीने २० मिलिलिटर संपतं, दुसरीने ३५. रोज दहा गाड्या, महिन्याचे २५ दिवस, तर फरक पावणेचार लिटर द्रवाचा होतो. म्हणून विकत घेताना वीस दाब औषधाच्या मापाच्या कपात मारून पाहा आणि आलेल्या आकड्याला वीसने भागा.

हा खर्च गटाच्या कर्जातून होत असेल तर खरेदीचं बिल घ्या, ठराव पुस्तिकेत नोंद करा. पंचसूत्रीतलं "नियमित लेखे" हे बाटलीलाही लागू आहे. बाटली कोणत्या तारखेला घेतली आणि कधी बिघडली, एवढं लिहिलं तरी पुढची खरेदी अंदाजाने करावी लागत नाही.

११. स्वतः बनवून विकत असाल तर

बाटलीवर लेबल हवंच. पाकीटबंद मालासाठी वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ आहेत. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, मालाचं नाव, निव्वळ माप, बनवल्याचा महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क, या गोष्टी लेबलवर याव्या लागतात. त्याखाली आपण आपल्या समजुतीने आणखी चार ओळी टाकाव्या : कशासाठी वापरायचं, किती पाणी घालायचं, कशात मिसळू नये, आणि "लहान मुलांपासून दूर ठेवा". अक्षरं मोठी आणि मराठीत. ज्या ताईला वाचता येत नाही तिच्यासाठी गाडीचं किंवा काचेचं चित्र.

लेबलवर चिकटपट्टी लावा, नाहीतर ओल्या हाताने शाई जाते. लेबल गेलेली बाटली ओळखू येत नसेल तर वास घेऊन ओळखायचा प्रयत्न करू नका, ती वापरातून काढा.

फवारा लावूनच विकायचं का, हाही प्रश्न असतो. पहिल्यांदा फवाऱ्यासह द्या, पुढच्या वेळी त्याच द्रवाची साध्या झाकणाची भरण बाटली द्या. गिऱ्हाइकाला स्वस्त पडतं, प्लास्टिकचा कचरा कमी होतो आणि गिऱ्हाईक परत आपल्याकडेच येतं.

१२. बैठकीत हमखास येणारे प्रश्न

"कायले एवढा खर्च करायचा बाई, काच पुसायच्या द्रवाची जुनी बाटली घरी पडलीच आहे ना?"
काकू, तेच द्रव परत भरायचं असेल तर खुशाल वापरा. दुसरं भरायचं असेल तर आत आधी काय होतं ते पक्कं माहीत हवं. माहीत नसेल तर ती बाटली झाडांना पाणी मारायलाही नको.

"ताई, सगळ्या बाटल्या एकाच रंगाच्या घेतल्या तर स्वस्त पडतात. घेऊ का?"
घ्या, पण डोक्याला रंगीत दोरा किंवा चिकटपट्टी लावा. काचेला निळा, बॉडीला हिरवा, चाकाला लाल. घरातल्या सगळ्यांना रंग सांगून ठेवा.

"काम झाल्यावर द्रव बाटलीतच राहू दिलं तर?"
सौम्य साबणाचं पाणी दोन-चार दिवस चालतं. जहाल द्रव रोज मूळ डब्यात ठेवा आणि फवाऱ्यातून साधं पाणी दहा-वीस वेळा मारा. ज्या डोक्यातून रोज पाणी फिरतं ते जास्त टिकतं. पाणी मिसळून पातळ केलेलं द्रव मात्र मूळ डब्यात परत ओतू नका.

"धुतलेलं पाणी कुठं सोडायचं?"
विहिरीजवळ, हापशीजवळ, नाल्यात किंवा बोडीत नको. साबणाचं आणि ग्रीसचं पाणी माशांना आणि जनावरांना वाईट. शोषखड्ड्यापासून तेलकट चिखल वेगळा काढा.

पुढच्या बैठकीसाठी काम

१) प्रत्येकीने घरातली एक फवारा बाटली आणावी. बुडाचा आकडा वाचून वहीत लिहावा.
२) वीस दाबांचं माप घ्यावं. कोणाची बाटली किती द्रव सोडते ते फळ्यावर मांडावं.
३) घरात पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत भरलेलं कोणतं औषध आहे ते शोधावं आणि त्याच दिवशी त्याची सोय लावावी.

यातलं तिसरं काम आजच करा. पहिली दोन बैठकीपर्यंत थांबली तरी चालतील.